दादापेक्षा उंच

३ एप्रिल

चिरंजीवा,

आशीर्वाद. आधी सगळ्यांच्या तब्येती, मग बाकीचं रडगाणं. तुझा उजवा खांदा कसा आहे? विजेच्या मनोऱ्यावर चढताना अजून कळ येते, की आम्हाला सांगायची नाही म्हणून येत नाही? तुझ्या खोलीतल्या सोबत्याचा खोकला थांबला का? मिठाच्या गुळण्या कर म्हणावं, आणि गुळण्या झाल्या की लगेच सिगारेट पेटवायची नसते, हेही सांग. मुकादमाचा गुडघा? तुमच्या स्वयंपाक्याच्या डोळ्यावरचा पडदा काढला का, की अजून मीठ दोनदा पडतं? आणि ते लंगडं कुत्रं आहे ना अजून?

इकडे माझे डोळे बरे आहेत. सुईचं नेढं सापडतं, मग दोरा सापडत नाही, एवढंच. सूनबाईचं मनगट इस्त्रीच्या दुकानात वाफेनं भाजलं होतं, आता खपली धरली आहे. ती तुझ्याबद्दल काही विचारत नाही. पण मी पत्र लिहायला बसलो की भांडी हळू घासते.

तुझा बारक्या बरा आहे. जेवतो, झोपतो, शाळा सुटली की माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बटणांची काजं करून देतो. सातवीत नापास झाला.

हे मी अगदी शेवटी लिहिणार होतो, पण हात धावला. आता लिहिलंच आहे तर सगळं ऐक. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फोडून तरी बघावं लागतं.

त्याच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. चांगल्या आहेत, तरुण आहेत, माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. त्यांनी उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवल्या. सगळ्या कोऱ्या. वर नाव तेवढं, सुबक अक्षरात.

मी म्हटलं, "पोट दुखलं असेल."

"प्रत्येक पेपरला, आजोबा?"

"मठ्ठ आहे का मग?"

"मठ्ठ असता तर मी एवढी घाबरले नसते. तोंडी विचारलं की सगळं येतं त्याला. पण पेपर समोर आला की हाताची घडी घालून शेवटची घंटा होईपर्यंत बसतो. जणू कुणाची वाट बघतोय."

जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. तीही अशीच गेली तर वर्ष गेलं. त्या म्हणाल्या, घरी रागावू नका, कारण विचारा. आणि समोर बसवून विचारू नका. मुलगे डोळ्यांत डोळे घातले की गप्प होतात. हाताला काही काम द्या, शेजारी बसा, मग सुचेल तेव्हा बोलतील. मला हे पटलं. शिंपी आणि गिऱ्हाईक असेच बोलतात, एकमेकांच्या खांद्याकडे बघत.

शेजारच्या न्हाव्याचं मत वेगळं. "वस्ताद, पोराला धाकात ठेवा. मी कान धरून केस कापतो, एक तरी हलतो का?"

"म्हणून तर तुझ्याकडे टकलेच जास्त येतात," मी म्हटलं.

तर विचारणं आणि समजावणं माझ्याकडे लागलं. मी त्याला रोज सकाळी थोरल्याचं नाव घेऊन आपलं नेहमीचं सांगतो, "नीट अभ्यास कर, दादा बघतोय हं वरून." एवढं म्हटलं की लगेच पुस्तक उघडतो. तू एक कर. त्याला काहीतरी पाठव. काहीही, पण तू निवडलेलं. पोराला हुरूप येईल.

तुझा बाप

२१ एप्रिल

चिरंजीवा,

उत्तर नाही. बरं. मनोऱ्यावर टपाल चढत नसेल.

मी काय काय करून पाहिलं ते सांगतो. आधी वेळापत्रक केलं, सकाळी गणित, दुपारी भाषा, संध्याकाळी मोकळं. त्यानं ते इमानेइतबारे पाळलं. मग धडा संपला की एक रंगीत बटण बरणीत टाकायचं, बरणी भरली की दादाची सायकल त्याची, असं ठरवलं. बरणी भरली. सायकल त्यानं पुसली, हवा भरली आणि परत भिंतीला टेकवून ठेवली. "चालव की," म्हटलं तर म्हणाला, "सीट दादाच्या उंचीची आहे." म्हटलं, "मग वर कर." तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी घर विकायला काढलंय.

म्हणजे पोराला अभ्यासाचा कंटाळा नाही. येतं सगळं. उजळणी घेतो तेव्हा माझ्याच चुका काढतो. मग अडतंय कुठे? दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असं माझं चाललंय.

आणखी थोडं लिहितो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी तो न्हाणीघरापाशी जातो आणि दाराबाहेर उभा राहतो. आत कोणी नसतं. थोडा वेळ थांबतो, मग आत जातो. मला वाटलं, अजून झोपेत असेल. पण जिन्यातही तसंच. पहिल्या पायरीवर थांबतो, भिंतीकडे सरकतो, कुणाला तरी आधी उतरू दिल्यासारखं, आणि मग उतरतो. रस्त्यात माझ्याबरोबर चालताना मध्ये एका माणसाएवढी जागा सोडतो. मी जवळ सरकलो तर तो मागे राहतो. तुला आठवत असेल, दोघं शाळेला जायचे तेव्हा थोरला पुढे आणि हा मागे. "दादाच्या पुढे पळायचं नाही, रस्ता ओलांडताना तर मुळीच नाही," असं आपण सगळ्यांनीच बजावलं होतं त्याला.

थोरला जाऊन गेल्या महिन्यात दोन वर्षं झाली. इतकी साधी वाटणारी तापाची साथ, आणि तोही सातवीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. निकाल त्याच्यामागून आला. पास होता.

काल मी दुकानात नेहमीसारखं म्हटलं, "दादा बघतोय हं." सूनबाई डबा द्यायला आली होती. तिनं डबा ठेवला तो आपटलाच.

"मामा, हे म्हणणं बंद करा."

"अगं, पोराला जोर यावा म्हणून..."

"त्याला जोर येत नाही, भीती बसते. मला पण." आणि मग मागच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ते तिथून काढा. पंखा फिरला की हात वर करतात."

ते म्हणजे खाकी कागदाची मापं. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी थोरल्याच्या गणवेशासाठी मी कागद कापायचो, पाठ, छाती, बाह्या, आणि ते एकत्र खिळ्याला अडकवून ठेवायचो. पहिलीपासून सातवीपर्यंतची मापं तिथं आहेत. त्याच कागदांवरून दोन वर्षांनी धाकट्याचे कपडे कापले की झालं, इतकी दोघांची अंगलट एक. थोरला गेल्यावरही मी तेच केलं. सहावीचा गणवेश त्याच्या सहावीच्या कागदावरून, सातवीचा सातवीच्या. नवीन माप घ्यायचं कधी मनातच आलं नाही. खरं सांगायचं तर तो गणवेश घालून दारातून आत आला की माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना क्षणभर बरं वाटायचं. लिहितोय तेव्हा कळतंय, बरं वाटणं म्हणजे काय ते.

कागद अजून काढलेले नाहीत. पंखा बंद ठेवतो.

तुझा बाप

९ मे

चिरंजीवा,

तुझं पार्सल आलं. पत्र नव्हतं, नुसता सदरा. निळ्या चौकटीचा. मीच मागितलं होतं, तेव्हा दोष मलाच.

बारक्यानं दोरी कात्रीनं कापू दिली नाही, गाठ सोडवत बसला. सदरा अंगाला लावला आणि म्हणाला, "आजोबा, बाबांनी बरोबर माझ्या मापाचा आणला." मी शिंपी आहे, घडीतला सदरा पाहूनच मला कळलं होतं. ते थोरल्याचं शेवटचं माप होतं. तू दुकानात जाऊन हातानं उंची दाखवली असशील, एवढा मुलगा आहे म्हणून. तुझा हात जिथं थांबला तिथं थांबला.

बटणं श्वास रोखून लागली. त्यानं तो सदरा काढलाच नाही. सूनबाईनं धुवायला मागितला तर नको म्हणाला. तो घातला की हात वर करायचा नाही, पटकन वाकायचं नाही, जोरात हसायचं नाही, सगळं ठरवून. परवा दुकानात मी सवयीनं म्हटलं, वरच्या फळीवरचं काळं रीळ दे. तो सहज चवड्यांवर उभा राहिला आणि काखेतली शिवण कडाकड उसवली.

काच फुटल्यावर पोरं उभी राहतात तसा उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, मी मोठा झालो." माफी मागावी तसा.

मी म्हटलं, "अरे, शिवण आहे, हाड नाही. आण इकडे." पण तयार कपड्याला आत माया ठेवलेली नसते, सोडवून वाढवायला कापडच नसतं. तेव्हा म्हटलं, काखेत पट्टी घालू, तुझं माप घेऊन टाकू. भिंतीला पाठ लावून उभा राहा.

आयुष्यभर मापं घेतली मी. पोट आत ओढणारे बघितले, छाती फुगवणारे बघितले, एक बाई तर कमरेचं माप मी घेत असताना मलाच खोटा आकडा सांगायची. पण उंची चोरणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहिलं.

"सरळ उभा राहा."

"उभाय."

खांदे सरळ, मान सरळ, पण मापाची फीत काही बरोबर पडेना. मी त्याच्या गुडघ्यांमागे हात घातला. विजारीच्या आत गुडघे वाकलेले होते.

"असा कधीपासून उभा राहतोस रे?"

"शाळेत उंचीच्या रांगेत पण असाच राहतो. सवय झालीय."

मला बाईंचं सांगणं आठवलं. समोरून उठलो, त्याच्या हातात उसवलेली बाही आणि सुई दिली, आणि शेजारी बसून मी दुसऱ्याच कुणाच्या विजारीला टाके घालायला लागलो. त्यानं पाच-सहा टाके घातले. मग तो कापडाकडे बघतच बोलला.

"बाबा थंडीत आले होते ना, तेव्हा दार मी उघडलं होतं."

"हं."

"त्यांनी मला दादाच्या नावानं हाक मारली. आणि हसले. मग त्यांना कळलं."

"हं."

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. आजोबा, दादा गेल्यापासून ते तेवढंच हसलेत. मी अजून उंच झालो तर तेवढंही ओळखणार नाहीत."

मी दातानं दोरा तोडला. मी म्हटलं, "आणि पेपर कोरे का ठेवलेस?"

"दादा आठवीत नव्हता गेला. मी त्याच्या पुढे कसा जाऊ?" आणि सुई थांबवून माझ्याकडे बघितलं. "तो बघतोय ना. तुम्हीच म्हणता."

त्याच्या सातवीच्या पुस्तकांत समासात सगळीकडे थोरल्याची पेन्सिल आहे, तुला माहीत आहे. 'हे सोपं आहे', 'हे बाई विचारतात', 'बारक्या, इथे चुकू नकोस'. शेजारच्या न्हाव्यानं आठवीचं नवंकोरं पुस्तक आणून दिलं होतं, ते यानं चाळून मिटून ठेवलं. म्हणाला, "यात कोणीच बोलत नाही."

मी तुला बोल लावत नाही. माणसाचा चेहरा त्याला विचारून हसत नाही. पण आपण घरातले सगळे मिळून त्या पोराला एका मापात शिवून बसलो आहोत. तू, मी, आणि त्याच्या 'बारक्या' नावासकट सगळे.

परीक्षा तोंडावर आली आहे. मला काय करायचं ते सुचत नाही. तुला सुचत असेल तर कळव.

तुझा बाप

१२ जून

चिरंजीवा,

तुझ्या उत्तराची वाट बघून शेवटी जे सुचलं ते केलं. बरं केलं की वाईट ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

मी तुम्हा कुणाला न सांगितलेली एक गोष्ट दुकानात होती. थोरल्याची सातवीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात तो आठवीच्या गणवेशाचं माप द्यायला आला होता. इतकी घाई. मी कागद कापून ठेवला होता. कापड आणायच्या आधीच ताप आला. मग ते कागद मला खिळ्याला लावता येईनात आणि फाडता येईनात. गुंडाळी करून कापडाच्या ताग्यांमागे सरकवून दिली.

परीक्षेच्या आधी एक दिवस बारक्या दुकानात खिळ्यावरच्या कागदांखाली पुस्तक उघडून बसला होता, पान उलटत नव्हता. सूनबाई आली. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मामा, ताग्यांमागचं काढा."

मी चाट पडलो. "तुला माहीत होतं?"

"तुमच्या दुकानाची झाडलोट कोण करतं? दोन वर्षं त्याच्याभोवतीनं फडकं फिरवतेय. काढा. त्याला बघू द्या."

काढलं. कागद सुरकुतले होते, कडा उंदरांनी थोड्या खाल्ल्या होत्या. मी कापायच्या टेबलावर पाठ आणि छाती मांडली, बाह्या दोन्ही बाजूंना. टेबलभर पसरलं. बारक्या उठून जवळ आला. हात लावला नाही.

"हे कुणाचं?"

"दादाचं. आठवीचं."

"दादा तर..."

"जाणार होता. माप द्यायला स्वतः आला होता. 'आजोबा, दोन बोटं जास्त ठेवा, मी उंच होणार आहे,' म्हणाला. मी चार ठेवली."

"चार?" त्याला हसू आलं. "चार म्हणजे झोळी झाली असती." मग हसू गेलं. त्यानं पाठीचा कागद उचलून स्वतःला लावला. खांद्यावरून खाली आला, मांड्यांपर्यंत गेला. सूनबाईनं मागून धरला. कागद त्याच्या दोन्ही अंगांनी बाहेर उरला होता, आणि मी पाहत होतो, कागदाखालचे त्याचे वाकलेले गुडघे हळूहळू सरळ होत गेले. भरत नव्हता तो त्यात.

"म्हणजे दादा एवढा होणार होता."

"हो."

"म्हणजे त्याला सातवीतच राहायचं नव्हतं."

सूनबाई म्हणाली, "त्याला एक दिवस घरात राहायचं नसायचं, सातवीत कुठला राहतोय."

मी त्याच कागदावरून सदरा कापला आणि तिथल्या तिथे शिवायला घेतला. काजं त्यानंच केली. सैल होतो, बाह्या मनगटाखाली येतात, पण हात वर करता येतो. तो घालून परीक्षेला गेला. मी शाळेच्या फाटकापाशी टपरीवर पान खायला आल्यासारखं करून बसलो. पहिल्या पेपरनंतर बाई मुद्दाम बाहेर आल्या. "लिहीत होता," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसून आत गेल्या. सगळे पेपर झाले. पास होईल असं त्या म्हणतात. मी होईल म्हणत नाही, आपल्याकडे बोललेलं उलटतं.

काल शेवटचा पेपर देऊन आला आणि मी आठवीचे कागद गुंडाळत होतो तेव्हा त्यानं विचारलं, "याच्यानंतरचं कुठंय?"

"याच्यानंतरचं नाही."

"नववीचं?"

"दादानं एवढंच माप दिलं होतं."

त्यानं गुंडाळी हातात घेतली. मग विचारलं, "मग मी नववीत कुणाच्या मागून जाऊ?"

म्हणजे बघ. मी त्याला मोकळा केला की पुढचं आणखी एक वर्ष बांधून दिलं? थोरला पुन्हा पुढे चालायला लागला म्हणून हा चालला. न्हाणीघराबाहेर अजून थांबतो. जिन्यातही थांबतो, फक्त आता लवकर निघतो. खिळा मी रिकामा केला, पहिली ते सातवी सगळे कागद पेटीत ठेवले. पंखा लावला. भिंतीवर काही नाही, तरी दुपारी शिवताना पाठीमागे सळसळ ऐकू येते आणि मी वळून बघतो. पोरानं माझ्याकडे बघितलं तर मी सुई शोधत होतो असं सांगतो.

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्याकडे आहे. वर्षभरानं कागद संपेल. त्याच्या पुढे चालायला तेव्हा एक जिता माणूस लागेल, त्याच्यापेक्षा उंच, दार उघडल्यावर त्यालाच बघून हसणारा. मी तर रोज बुटका होत चाललोय.

पाकिटात पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी आहे, टाकून देऊ नकोस. माझ्या वस्तादाला लिहिता येत नसे, तो मापं दोऱ्यावर घ्यायचा, टोकाला गाठ मारून. ही बारक्याची उंची आहे. गुडघे सरळ करून घेतलीय, खालचं टोक सूनबाईनं त्याच्या टाचेखाली धरलं होतं. तू बिनगाठीचं टोक पायाखाली दाब आणि दोरा भिंतीवर सरळ वर ताण. गाठ येईल तिथं त्याचं डोकं आहे. तिथून जरा खाली बघ आणि त्याला हाक मारायचा सराव कर. त्याच्या नावानं. पहिल्यांदा दुसरंच नाव तोंडात येईल, येऊ दे, पुन्हा मार. खोलीतला सोबती हसला तर त्यालाही त्याच्या मुलांची नावं विचार.

जमलं की पत्र लिही, मला नको, त्याला. पाकिटावर त्याचं शाळेतलं नाव घाल. मनोऱ्यावरून काय दिसतं ते लिही, त्याला फार विचारायचं असतं. आणि लवकर लिही. गाठ मारली तेव्हा ती बरोबर होती, तुझ्या हातात पडेपर्यंत दोरा आखूड झालेला असेल.

तुझा बाप